गाडीतला वास काय सांगतो?

मोटारीच्या डॅशबोर्डवर आता डझनभर इशारादिवे असतात. तरीही चिरलेली रबरी नळी किंवा घासून तापलेली क्लच प्लेट यांची खबर देणारा दिवा बहुतेक गाड्यांत नसतो. असा बिघाड बहुधा आधी नाकालाच कळतो. मात्र नाक लवकर सरावते. रोज गाडी चालवणाऱ्याला जाणवेनासा झालेला वास नव्याने आत बसणाऱ्या प्रवाशाला तत्काळ जाणवतो, म्हणून त्याची तक्रार हसण्यावारी नेऊ नये. डॅशबोर्डवरची अत्तराची बाटली तर हा इशाराच झाकून टाकते.

वळणाचे घाट ही या बाबतीतली खरी परीक्षा. वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात वाहनांची रांग लागली, की अनेक चालक हाफ-क्लचवर गाडी चढावर रोखून धरतात. काही मिनिटांतच जळक्या कागदासारखा उग्र दर्प येतो. घसरणाऱ्या प्लेटचे अस्तर तापल्याची ही खूण असते. अशा वेळी हँडब्रेक लावून पाय क्लचवरून पूर्ण काढावा. सपाट रस्त्यावरही हाच वास येऊ लागला, तर प्लेट झिजल्याचे समजावे.

उतरताना येणारा करपट वास अधिक गंभीर मानावा, कारण तो ब्रेकचा असतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट 3 प्रकारच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सियस असतो. पाणी मुरल्यावर हीच किमान मर्यादा 140 अंशांवर येते. तेल उकळले की नळ्यांत वाफेचे बुडबुडे धरतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. त्यामुळे वास येताच रुंद जागी थांबावे, चाकाला दगड लावावा आणि ब्रेक आपोआप निवू द्यावेत. त्यांवर पाणी ओतू नये. तापलेली डिस्क वाकण्याची वा तडकण्याची भीती असते. पुढचा उतार खालच्या गिअरमध्येच उतरावा.

गोडसर, पाकासारखा वास कूलंटमधील ग्लायकॉलचा. तो आत येत असेल आणि काचेवर चिकट वाफ धरत असेल, तर हीटरचा छोटा रेडिएटर गळत असण्याचा संभव आहे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. सांडलेले कूलंट लगेच धुऊन टाकावे. ते विषारी असून कुत्री-मांजरे चाटतात.

कुजक्या अंड्यांच्या वासाचे खापर पूर्वी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर फुटे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 इंधन आले आणि गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत 50 वरून 10 भागांवर आली. त्यामुळे आता आधी बॅटरी तपासणे योग्य. चार्जिंग प्रमाणाबाहेर झाले, की तिच्यातून दुर्गंधीबरोबर स्फोटक हायड्रोजनही निघतो.

याच्याशी थोडा मिळताजुळता दर्प सीएनजीचा. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकयुक्त द्रव्य मुद्दाम मिसळतात. हा वास आल्यास गाडी मोकळ्यावर थांबवून इंजिन बंद करावे, दारे उघडावीत, सर्वांनी उतरावे आणि सिलिंडरची झडप बंद करावी. सिलिंडरची हायड्रो चाचणी दर 3 वर्षांनी बंधनकारक आहे. टाकी काठोकाठ भरल्यावर पेट्रोलचा वास थोडा वेळ रेंगाळतो. पण उभ्या गाडीत रोज येत असेल, तर उंदरांनी कुरतडलेली नळीही त्यामागे असू शकते. बॉनेटमधून येणारा जळक्या तेलाचा वास बहुधा कुजलेल्या गॅस्केटचा असतो, तर वितळत्या प्लॅस्टिकचा वास वायरिंगचा. नंतर बसवलेले दिवे, हॉर्न किंवा म्युझिक सिस्टीम यांच्या जोडण्या त्यासाठी आधी पाहाव्यात. एसीचा कुबट वास मात्र उपद्रवी असला तरी किरकोळ आहे. फिल्टर बदलून पाणी निचऱ्याची नळी साफ केली की तो बहुतेकदा जातो.

धुराचा वास आत येणे सर्वांत धोकादायक. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा गंध नाही; धूर आत शिरतो आहे, एवढेच नाकाला कळते. डोकेदुखी, मळमळ किंवा गुंगी जाणवताच बाहेर मोकळ्या हवेत यावे, आणि सायलेन्सरची गळती दुरुस्त होईपर्यंत गाडी वापरू नये. बंदिस्त गॅरेजमध्ये किंवा इंजिन सुरू ठेवून एसी लावलेल्या उभ्या गाडीत झोपणे, वास येवो वा न येवो, टाळावेच.