प्रेक्षकांच्या मुद्रेवरील आरोप

नाट्यप्रयोगाचा इतिहास लिहिताना नाटककाराचे नाव, मंडळीचे नाव व पहिल्या प्रयोगाची तिथी एवढे सांगून आपण थांबतो. समोर बसलेल्या मंडळींचे काय झाले, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. परंतु आपल्या पणजोबांच्या काळी एक प्रसंग असा आला, की प्रेक्षकांच्या चेहऱ्यांचीच साक्ष नाटकाविरुद्ध काढण्यात आली. तो प्रसंग आपल्या कुटुंबांतील तरुण मंडळींस ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

सांगली संस्थान हे मराठी रंगभूमीचे माहेर. विष्णुदास भावे यांनी 1843 साली तेथील दरबारात ‘सीतास्वयंवर’ केले. त्याच परिसरात पुढे दोन नाटककार झाले : हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल व सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. देवलांची ‘शारदा’ 1899 साली किर्लोस्कर मंडळीने इंदूर येथे प्रथम रंगभूमीवर आणली. द्रव्यलोभाने पोटची पोर जरठाच्या गळ्यात बांधणारा बाप त्यांनी त्यात दाखविला. असे बाप व असे नवरदेव परक्या मुलखातले नव्हते. ते आपल्याच आळीत राहत होते, पंगतीला आपल्याच शेजारी बसत होते. प्रेक्षागृहात हसणाऱ्यांपैकी किती जणांना घरी परतताना मान खाली घालावी लागली असेल, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या वंशावळीतील लग्नतिथी व वये पाहून करावा. (1929 सालचा ‘सारडा कायदा’ या नाटकावरून ओळखला जातो, अशी समजूत पुष्कळांची असते. ती चुकीची आहे. ते नाव अजमेरचे हरबिलास सारडा यांचे.)

याच ‘शारदे’च्या प्रयोगाला 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्ह्याचे कलेक्टर जॅक्सन साहेब आले असता अनंत कान्हेरे या तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जॅक्सन हे संस्कृतचे व्यासंगी होते. कान्हेरे यांना व त्यांच्या दोघा सहकाऱ्यांना एप्रिल 1910 मध्ये ठाण्यास फाशी झाली. त्या रात्रीनंतर मराठी नाटकगृहाकडे पाहण्याची सरकारची दृष्टी पूर्वीसारखी राहणे शक्यच नव्हते.

खाडिलकरांचे ‘कीचकवध’ 1907 साली महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले होते. कथा महाभारतातील, तीत एक अक्षरही इंग्रज सरकारविषयी नव्हते. पण कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे भारतमाता, सबुरीचा उपदेश करणारा युधिष्ठिर म्हणजे नेमस्त व भीम म्हणजे जहाल, हे ओळखण्यास प्रेक्षकांस टीकाकाराची गरज पडली नाही. खाडिलकर हे ‘केसरी’त टिळकांचे सहकारी, हेही सर्वांस माहीत होते.

अशा नाटकावर खटला भरणे कठीण. पुराणकथा सांगितली, हा गुन्हा कसा ठरावा? 1910 च्या जानेवारीत लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात या नाटकाविषयी लेख आला, व व्हॅलेंटाइन चिरोल याने तो पुढे आपल्या हिंदी असंतोषावरील पुस्तकातही घेतला. त्यात लेखकाने नाटकाचा अन्वयार्थ सांगून अखेरचा भार टाकला तो प्रेक्षकांवर. कीचकाचे अत्याचार पाहताना पुरुषांच्या मुद्रा कशा कठोर होत, द्रौपदीच्या विनवण्यांनी ब्राह्मण स्त्रियांचे डोळे कसे चमकत, युधिष्ठिराच्या मवाळपणाचा त्यांना कसा तिरस्कार वाटे व कीचक मेल्यावर सभागृहातून समाधानाचा हुंकार कसा उठे, याचे त्याने वर्णन केले. माझ्या मते मराठी नाट्यप्रयोगाचे इतके बारकाईचे परीक्षण त्या काळी आपल्या पत्रांतही क्वचितच आले असेल. आणि ते लिहिले गेले ते नाटक बुडविण्याच्या बुद्धीने! त्याच महिन्यात सरकारने ‘कीचकवधा’वर बंदी घातली.

येथे आपल्या घरांतील स्त्रियांविषयी एक शब्द लिहिणे अवश्य आहे. त्या वेळच्या सभांच्या वृत्तांतांत त्यांची नावे सापडत नाहीत; घरच्या वह्यांतही त्यांचे मत कोणी टिपून ठेविले नाही. त्यांच्या डोळ्यांतील राजकारण प्रथम वाचले ते परक्या, विरोधी लेखकाने. हा दोष आपल्याच पूर्वजांचा मानावयास हवा.

खाडिलकरांनी लेखणी टाकली नाही, पण वाट बदलली. त्यांचे ‘मानापमान’ हे संगीत नाटक किर्लोस्कर मंडळीने 12 मार्च 1911 रोजी मुंबईस केले. भामिनीची भूमिका बालगंधर्वांची होती. त्याच दिवशी त्यांची कन्या निवर्तली होती. प्रेक्षक गोळा झाले होते, आणि प्रयोग ठरल्याप्रमाणे झाला.