व्यावसायिक आजारांची अल्पनोंद (भंडारा जिल्हा)

कामामुळे जडलेला आजार दवाखान्यापर्यंत पोहोचतो, पण कामाच्या खात्यावर चढत नाही, या स्थितीला अल्पनोंद म्हणतात. तिचे खापर सहसा कामगारांच्या अज्ञानावर फुटते. दोष मुख्यतः नोंदीच्या वाटेत आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ८९ ने तिसऱ्या परिशिष्टातील २९ रोग कळवण्याची जबाबदारी व्यवस्थापकावर व डॉक्टरवर टाकली. डॉक्टरला नुसता संशयही पुरे होता. मात्र त्यासाठी कारखाना, मालक आणि परिशिष्टातले रोगाचे नाव, तिन्ही हवी होती.

जिल्ह्यातल्या विडीकामात तिन्हींची वानवा. बाई ठेकेदाराकडून तेंदूपान, तंबाखू, दोरा घरी आणते. पाने भिजवून कैचीने कापते, मांडीवरच्या सुपातला तंबाखू चिमटीने भरून विडी वळते. मजुरी हजारामागे, छाट निघालेल्या विड्या हिशेबात नाहीत. खोकला, दमा, आखडलेली मान यांसाठी खाडा केला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. घर हा कारखाना नव्हे. शिवाय विडी व सिगार कामगार अधिनियम, १९६६ च्या कलम ३८ ने विडीच्या जागांना कारखाने अधिनियमाचे चौथे प्रकरण व कलम ८५ एवढेच लावले, कलम ८९ वगळले. यावर आक्षेप असा की बाई तंबाखूचा खर्रा खाते, चुलीचा धूर घेते, क्षय तर गावातही आहे. मग कामाचा दोष सिद्ध कसा व्हावा? हा मुद्दा भरपाईच्या दाव्यात रास्त आहे. नोंदीला सिद्धता लागत नाही. रुग्ण काय काम करते, एवढे विचारले तरी पुष्कळ. क्षयाची सूचना २०१२ पासून सक्तीची आहे, पण ती आरोग्य खात्याकडे जाते. परिशिष्टात क्षय नव्हता.

तुमसर तालुक्यातील चिखला (भूमिगत) व डोंगरी बुजुर्ग (उघडी) या मॉइल या सरकारी कंपनीच्या मँगनीज खाणी. येथे नोंदीची वाट आहे: खाण अधिनियम, १९५२ च्या कलम २५ खाली २०२५ पर्यंत मँगनीज विषबाधा कळवावी लागे. हा रोग कूपर यांनी १८३७ मध्ये ग्लासगोच्या कामगारांत वर्णिला. चेहरा भावशून्य, बोलणे संथ, पाऊल अडखळते, कंपवातासारखेच. लक्षणे दिसेपर्यंत वर्षे जातात, आणि खाण सोडून गावी परतलेल्या माणसाचे अडखळणे म्हातारपणात जमा होते.

पितळकाम : ओतकामात जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडीताप, एकदोन दिवसांत उतार, हिवताप समजला जातो.

भातगिरणी : कोंड्याच्या धुळीने दमा, मजूर हंगामी, म्हणून आजार कामाशी जोडला जात नाही.