पाऊल वाकडं कुणाचं?

आज आपण वाट सोडण्याच्या शब्दांबद्दल बोलू.

आपल्या शिरूर-दौंडकडे या शब्दांना तोटा नाही. औताचा बैल तास सोडतो, पाटाचं पाणी फुटतं, नाव भरकटते. १८७८मध्ये दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली. रेल्वेमुळे ‘रुळावरून घसरणं’ आणि ‘सांधा बदलणं’ बोलण्यात आलं. शिरूरची घोड नदी वळणं घेत भीमेला मिळते, पण तिला कुणी वाकडी म्हणत नाही.

माणसांचं मात्र तसं नाही. मुलगा ‘जरा बहकला’, लग्न झालं की ताळ्यावर येईल. मुलीचं ‘पाऊल वाकडं पडलं’ की ते कायमचं. एवढ्या एका बोलण्यावरून तिची शाळा सुटू शकते.

‘व्यभिचार’ हा शब्दच घ्या. त्याचा मूळ अर्थ ठरल्या वाटेपासून ढळणं. न्यायशास्त्रात तो तर्कातला दोष आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात येऊन जाणारे ३३ भाव ‘व्यभिचारी भाव’ आहेत. आज आपल्या कानाला त्यातला एकच अर्थ उरला, आणि बोट दाखवलं जातं ते बहुधा बाईकडे.

ताराबाई शिंद्यांनी हेच विचारलं होतं. १८८१मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली. त्यावरून विधवांच्या नीतीवर टीका झाली. ताराबाईंनी १८८२मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून विचारलं, की जे दोष बायकांना लावता, ते पुरुषांत नाहीत का?

कायद्याची तऱ्हा आणखी वेगळी. १८६०च्या दंडसंहितेतल्या कलम ४९७मध्ये शिक्षा परपुरुषाला होती, पण नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नव्हता. म्हणजे बायको नवऱ्याची मालमत्ता! २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केलं. घटस्फोटासाठी ते कारण आजही आहे, आणि ते नवरा-बायको दोघांनाही सारखंच लागू आहे.

कायदा बदलला, आता आपली जीभ बदलूया. मुलासाठी जो शब्द वापरू, तोच मुलीसाठी वापरू. कुणी म्हणालं, ‘ती वाट चुकली’, तर विचारूया, नेमकं झालं काय? बैल तास सोडतो तेव्हा आपण त्याला पुन्हा तासाला लावतो, दावणीला कायमचं बांधून ठेवत नाही. लेकीसाठी एवढं तरी करूया.