गोधडीचा वास आणि चुलीतली राख

आरमोरी म्हटलं की कोसा. ऐन-अर्जुनाच्या झाडांवरचे हे कोष इतके टणक की नुसत्या पाण्यात धागा सुटत नाही. म्हणून मध्य भारतात ते राखेच्या पाण्यात उकळायचे. (हो, चुलीतलीच राख!) आणि खेड्यापाड्यांत कपडे, गोधड्या धुवायलाही तीच.

यात चक्क केमिस्ट्री आहे. घामाचा आंबूस वास बऱ्याच अंशी तेलकट आम्लांचा. राखेतलं पोटॅशियम कार्बोनेट त्यांचं लवण करतं. लवण हवेत उडत नाही, म्हणजे नाकात जात नाही, आणि पाण्याबरोबर निघून जातं.

१७९१ मध्ये फ्रान्सच्या निकोला लब्लांनं मिठापासून सोडा करायची रीत पेटंट केली आणि राखेची सद्दी संपत गेली. नाव मात्र उरलं: सोडा अॅश! १९६९ मध्ये करसनभाई पटेलांनी काढलेल्या निरमा पावडरीतही हाच सोडा.

आणि आपण फ्लॅटवाले? वासावर सुगंधी सॉफ्टनर ओततो. त्याचा थर धाग्यावर बसतो, वास आत तसाच. त्यापेक्षा सुती गोधडी धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात रात्रभर भिजवा, भरपूर खळबळा, कडक उन्हात टाका. कोशाच्या साडीवर मात्र हा प्रयोग नको, आई घरात घेणार नाही.