तीन दिवसांचं वॉर्सा: वर्ध्याहून जाणाऱ्यांसाठी थोडा इतिहास



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की व्याख्यानमालेनं आता सहली काढायला सुरुवात केली की काय. तसं नाही. पण आपल्या जिल्ह्यातली मुलं आता जर्मनीत, नेदरलँड्समध्ये नोकऱ्या करतात. आईवडील त्यांच्याकडे महिना-दोन महिने जातात आणि मधल्या एखाद्या जोडसुट्टीत बेत ठरतो की तीन दिवस पोलंड पाहून येऊ. मग विचारतात, क्राकूवला जावं की वॉर्साला? या प्रश्नात एक तत्त्वज्ञानाचा आणि एक इतिहासाचा प्रश्न दडलेला आहे. त्या दोन्हींचा विचार करत आपण प्रवासाचा आराखडा आखू.

आधी दोन शहरांतला फरक समजून घेऊ. क्राकूव हे खऱ्या अर्थानं जुनं शहर. मधला भव्य चौक १२५७ साली आखला गेला. विद्यापीठ १३६४ चं. कोपर्निकस तिथे १४९१ पासून शिकला. दुसऱ्या महायुद्धात शहराच्या वास्तू बऱ्याचशा वाचल्या. युनेस्कोनं १९७८ साली जागतिक वारशाची पहिली यादी केली, तिच्यातल्या बारा ठिकाणांत क्राकूव होतं. म्हणून प्रवासी मंडळी सरळ सांगतात, क्राकूवला जा. वॉर्सातलं जुनं शहर नकली आहे, १९५० नंतर बांधलेलं.

यातला दुसरा भाग खरा आहे. १ ऑगस्ट १९४४ ला वॉर्सातल्या लोकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला. तो ६३ दिवस चालला. दीड लाखाहून अधिक नागरिक मेले. उठाव मोडल्यावर उरलेल्या लोकांना शहराबाहेर काढलं आणि मग रिकाम्या शहरातल्या इमारती रस्ता रस्ता पकडून जाळल्या, सुरुंग लावून पाडल्या. युद्ध संपलं तेव्हा शहराचा सुमारे ८५ टक्के भाग उद्ध्वस्त होता. आज तिथे जी सतराव्या-अठराव्या शतकातली घरं दिसतात, ती त्यानंतर उभी केलेली आहेत. जुन्या बाजारचौकाचं उद्घाटन १९५३ साली झालं. राजवाडा तर १९७१ ते १९८४ या काळात, लोकवर्गणीच्या आधारावर बांधला गेला.

मग हे नकलीच ना? इथे मी तुम्हाला वॉर्साच्या आधी सेवाग्रामला नेतो.

बापूकुटी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू. मीराबेननं भिंतीवर हातानं उठवलेली ताडाची झाडं, मोर आणि चरखा. गांधीजी १९३६ साली शेगावला राहायला आले आणि १९४६ मध्ये इथून गेले. त्यानंतर किती पावसाळे झाले! भिंती लिंपल्या जातात, जमीन सारवली जाते, कवेलू फेरले जातात. मग १९३६ सालची माती त्यात किती उरली असेल? तरी तिथे जाऊन आपण कधी म्हणत नाही की ही नकली कुटी आहे. आपल्याकडे 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भिक्खू राजा मिलिंदाला रथाबद्दल हेच विचारतो. आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? रात्रभर जळणारा दिवा पहाटेला तोच असतो की दुसरा? तो तोच म्हणता येत नाही आणि दुसराही म्हणता येत नाही. एकातून एक अशी सलग ज्योत चाललेली असते.

बापूकुटीची अशी सलग ज्योत आहे. लिंपणारे हात बदलले, लिंपणं थांबलं नाही. वॉर्साची ज्योत मात्र विझली होती. विझलेला दिवा पुन्हा लावला तर तो तोच दिवा म्हणायचा का? हा प्रश्न घेऊन वॉर्साला गेलात, तर तीन दिवस कमी पडतील. म्हणून माझं मत वॉर्साच्या बाजूनं आहे. चौथा दिवस मिळाला तर रेल्वेनं अडीच-तीन तासांत क्राकूव गाठता येतं.

पहिला दिवस जुन्या शहराचा. राजवाड्याच्या चौकात राजा झिग्मुंटचा उंच स्तंभ आहे, तिथून सुरुवात करा. बाजारचौकात शहराचं संग्रहालय आहे, ते घाई न करता पाहा. आणि राजवाड्यात बेलोत्तो या इटालियन चित्रकाराची चित्रं आहेत, ती चुकवू नका. अठराव्या शतकात त्यानं वॉर्साचे रस्ते बारकाईनं रंगवले. पुनर्बांधणी करणाऱ्यांनी ती चित्रं समोर ठेवली. पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे वॉर्साच्या तंत्रशिक्षण विद्यापीठातल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी युद्धाआधी जुन्या इमारतींची मोजमापं घेऊन नकाशे काढून ठेवले होते. ते युद्धकाळात लपवून जपले गेले. इमारती पडल्या, कागद वाचले. त्या कागदांवरून शहर पुन्हा उभं राहिलं. युनेस्कोनं १९८० साली हे शहर वारसा म्हणून स्वीकारलं, ते या पुनर्बांधणीसाठीच.

म्हणजे ज्योत पूर्ण विझली नव्हती असं म्हणता येईल. ती दगडांतून निघून कागदात आणि माणसांच्या हट्टात गेली होती. पण एक लक्षात ठेवा. बांधणाऱ्यांनी १९३९ सालचं शहर जसंच्या तसं बांधलं नाही. मागच्या अंगणातली दाटीवाटीची बांधकामं गाळली, दर्शनी भाग जुन्या शतकांतले घेतले, आत कामगारांसाठी नवे फ्लॅट केले. काय जुनं म्हणायचं हे कुणीतरी ठरवलं. असं ठरवणं आलं, की काहीतरी गाळणंही आलंच. ते गाळलेलं पाहायला दुसरा दिवस ठेवायचा.

दुसरा दिवस मुरानूव या भागाचा. जुन्या शहरापासून पायी जाण्याइतकं अंतर. युद्धापूर्वी वॉर्साची लोकसंख्या सुमारे १३ लाख, त्यात जवळजवळ तिसरा हिस्सा ज्यू. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मनांनी भिंत घालून चार लाखांहून अधिक ज्यूंना एका वस्तीत कोंडलं. २२ जुलै १९४२ पासून दोन महिन्यांत त्यांतल्या अडीच लाखांहून अधिक लोकांना ट्रेब्लिंका इथे नेऊन मारलं. एप्रिल १९४३ मध्ये उरलेल्यांनी शस्त्र उचललं. तो उठाव चिरडून ती वस्ती जमीनदोस्त केली.

युद्धानंतर इथे जुनी घरं पुन्हा बांधली नाहीत. राडारोडा इतका होता की त्याच्याच विटा पाडून, त्याच ढिगाऱ्यावर नवी वसाहत बांधली. म्हणून मुरानूवमधली काही घरं रस्त्यापेक्षा उंचावर आहेत, पायऱ्या चढून जावं लागतं. त्या पायऱ्यांवर दोन मिनिटं थांबा. फुटपाथवर जुन्या भिंतीची रेघ दाखवणाऱ्या पट्ट्या बसवलेल्या आहेत, त्या पाहत चाला.

जुनं शहर उभं राहिलं आणि हे का नाही? राजकारण होतं, पैसा होता, घरांची निकड होती. पण एक कारण सगळ्यांच्या तळाशी आहे. आमची गल्ली आम्हाला परत बांधून द्या, असं म्हणणारं कुणी शिल्लकच नव्हतं. शहर तेच आहे असं म्हणायला कुणीतरी माणूस लागतो. माणूसच उरला नाही तर दगडाची ओळख कोण सांगणार?

काही लोकांना हे आधीच कळलं होतं. एमानुएल रिंगेलब्लूम हा इतिहासकार त्या भिंतीआड होता. त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी रोजनिशा, शाळेच्या वह्या, जाहिराती, ट्रामची तिकिटं, गोळ्यांची वेष्टनं असं सगळं जमवलं आणि पत्र्याच्या पेट्यांत, दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरलं. ते जवळजवळ सगळे मारले गेले. एक भाग १९४६ साली सापडला, दुसरा १९५० साली. ज्यू इतिहास संस्थेत त्यातला दुधाचा कॅन पाहायला मिळतो. त्यानंतर 'पोलिन' या संग्रहालयात जा. ते पोलंडमधल्या ज्यूंच्या हजार वर्षांच्या आयुष्याबद्दल आहे, नुसत्या मरणाबद्दल नाही.

याच शहरात १९०१ साली एका ज्यू कुटुंबात मॉरिस फ्रिडमन जन्मला. विजेचा इंजिनिअर. नोकरीनिमित्त बंगळुरूला आला आणि तिथून गांधीजींकडे सेवाग्रामला. धनुष्य तकली हे सूतकताईचं साधं, स्वस्त साधन त्याच्या नावावर आहे. भारतानंद म्हणून लोक त्याला ओळखत. औंध संस्थानच्या १९३९ च्या स्वराज्य-घटनेत त्याचा मोठा वाटा. पुढे मुंबईत खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं त्यानंच इंग्रजीत आणली, १९७३ साली. वॉर्सा आणि वर्धा यांच्यामधला हा माणूस. मुरानूवमध्ये चालताना त्याची आठवण ठेवा. तिथे त्याच्या नावाची पाटी शोधू नका, आपल्याकडे तरी कुठे ठळक दिसते?

त्याच दिवशी, क्रासिन्स्की बागेजवळ मॉन्ते कासिनोच्या लढाईचं स्मारक आहे. इटलीतली ही टेकडी मे १९४४ मध्ये पोलिश सैनिकांनी जिंकली. त्याआधीच्या हल्ल्यांत आपले भारतीय सैनिकही तिथे पडले. त्या स्मारकाच्या पायथ्याशी एक फलक आहे, २०१७ साली लावलेला. त्यावर आपल्या कोल्हापूरचं नाव आहे! सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधून सैबेरियाकडे हाकललेली कुटुंबं इराणमार्गे भारतात आली. त्यातले सुमारे पाच हजार लोक, बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे राहिले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होत. त्यांचं गाव मागे नष्ट झालं होतं आणि पुढचं ठरलेलं नव्हतं. मधली पाच वर्षं पंचगंगेच्या काठच्या मुलखानं सांभाळली. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिलं, तेव्हा कुठे आपल्याकडे अनेकांना हे कळलं.

तिसरा दिवस उठावाच्या संग्रहालयाला द्या. हे २००४ साली उघडलं. १ ऑगस्टला तुम्ही तिथे असाल तर संध्याकाळी पाच वाजता भोंगे वाजतात आणि रस्त्यावरची माणसं, गाड्या जागच्या जागी थांबतात. दुपारी ओखोटा भागात 'भल्या महाराजांचा चौक' आहे. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी बालाचडीला शेकडो पोलिश मुलांना आसरा दिला, त्यांच्या नावाचा. दिवस उरला तर वाझ्येन्की बागेत बसा. उन्हाळ्यात रविवारी तिथे शोपँच्या संगीताच्या मैफली होतात, झाडाखाली, फुकट.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. जायचं तर मे ते सप्टेंबर. डिसेंबरात साडेतीनला सूर्य मावळतो. शेंगेन व्हिसा चालतो, पण पैसा मात्र युरो नाही, झ्लोटी. संग्रहालयं आठवड्यातून एक दिवस बंद असतात, तो दिवस आधी पाहून मग दिवसांची अदलाबदल करा. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. बटाटा आणि पनीरसारख्या चीजचं सारण भरलेली पिएरोगी मिळते, ती आपल्या उकडलेल्या करंजीची बहीण. 'बार म्लेचने' नावाच्या साध्या खानावळींत ती स्वस्तात मिळते. वर कांदा चालेल, पण डुकराच्या चरबीचे तुकडे नकोत, हे मागवतानाच सांगा.

शेवटी पवनारबद्दल थोडं बोलतो आणि थांबतो. धाम नदीच्या काठी विनोबांच्या आश्रमात जमीन खणताना जुन्या मूर्ती सापडल्या, भरतभेटीचं शिल्पही. वा. वि. मिराशींनी मत मांडलं की वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच. पुढे मनसरच्या उत्खननानंतर काही अभ्यासकांनी तो मान मनसरला दिला. वाद चालू आहे आणि चालू राहील, कारण त्या शहराचा नकाशा कुणी काढून ठेवला नाही आणि ते माझं गाव म्हणणारा कुणी उरला नाही. मुरानूवची गोष्ट आपल्यापासून इतकी जवळ आहे, दहा किलोमीटरवर.

म्हणून वॉर्साहून आल्यावर एक काम करा. तुमच्या गावातला जुना वाडा, विहीर, पार, चावडी, जे काही उभं आहे त्याची टेप लावून मोजमापं घ्या, वहीत नकाशा काढा, आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून खाली लिहा की इथे कोण राहत होतं. वॉर्सातल्या विद्यार्थ्यांनी यापेक्षा वेगळं काही केलं नव्हतं. आपल्या शाळांतली मुलं हे एका उन्हाळ्यात करू शकतील. वाडे तर दर पावसाळ्यात पडतच आहेत.