सामायिक प्रयोगशाळांसाठी उपकरण-अनुदान

जैववैद्यकीय संशोधनातील अद्ययावत उपकरणे एकट्या शास्त्रज्ञाच्या आवाक्यातील नसतात. हे ओळखून अमेरिकेच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ’ने (एनआयएच) १९८२ मध्ये सामायिक उपकरणांसाठी अनुदान योजना सुरू केली. ‘एस-१०’ या संकेतनामाने ती ओळखली जाते. एनआयएचच्या निधीवर संशोधन करणारे किमान तीन प्रमुख वापरकर्ते असल्याखेरीज अर्जाचा विचार होत नाही. अतिमहागड्या यंत्रांसाठीच्या स्वतंत्र योजनेत २० लाख डॉलरपर्यंत मदत देण्यात आली आहे.

खरी मेख मात्र खरेदीनंतरची आहे. देखभालीचा करार, तंत्रज्ञांचे वेतन, जागेचे नूतनीकरण यांपैकी काहीही या अनुदानात बसत नाही. त्यामुळे यंत्र कोण चालविणार, वापराचे शुल्क किती आणि तूट कोण भरून काढणार, याचा हिशेब संस्थेला अर्जातच मांडावा लागतो. तो कच्चा राहिला, तर कोट्यवधींचे यंत्र दुरुस्तीअभावी पडून राहण्याचा धोका असतो.

सूक्ष्मदर्शकासाठी देणगीदारही मिळतो. प्रयोगशाळेतील उंदरांचे पिंजरे धुणाऱ्या यंत्रासाठी कोण पुढे येणार? वास्तविक, ते किंवा निर्जंतुकीकरण यंत्र बंद पडले, तरी प्रयोग खोळंबतात. गेल्या काही वर्षांत एनआयएचने अशा दुर्लक्षित साधनांच्या आधुनिकीकरणासाठीही स्वतंत्र अर्ज मागविले.