मेरीबाईंचं पाखडणं



तांदळातला कोंडा आपण सुपानं पाखडतो, पिठातला कोंडा चाळणीनं काढतो. मिठाचं पाणी उन्हात ठेवलं तर पाणी उडून जातं, मीठ तळाशी राहतं. तांदूळ तांदूळच राहतो, मीठ मीठच. ही भौतिक पद्धत. पण त्याच मिठातले सोडियम आणि क्लोरीन वेगळे करायचे, तर सूप-चाळणी कामाची नाही. त्यांची गाठच सोडवावी लागते. ती रासायनिक पद्धत.

एका बाईनं या दोन्ही पद्धती कशा वापरल्या, ते आज आम्ही सांगतो.

मेरी क्यूरी पोलंडच्या. १८९८ साली पॅरिसमध्ये त्यांनी व पती पिएर यांनी पिचब्लेंड या काळ्या खनिजात रेडियम असल्याचं जाहीर केलं. पण ते काढून दाखवायचं होतं. मग बोहेमियातल्या खाणीतला, युरेनियम काढून उरलेला चोथा पोत्यांनी आला. गळक्या शेडमध्ये मेरीबाई एका वेळी वीस किलोपर्यंत माल उकळायच्या, जवळजवळ स्वतःच्या उंचीच्या लोखंडी सळईनं ढवळायच्या. सोडा, आम्लं वापरून एकेक पदार्थ त्यांनी बाजूला केला. हे रासायनिक काम.

शेवटी रेडियमसोबत बेरियम उरलं. दोघांचे गुण जुळ्या बहिणींसारखे. तिथं भौतिक युक्ती चालली. दोघांची क्लोराइडं विरघळवून खडे धरू दिले, की रेडियम खड्यांत जास्त उतरतं. हेच पुन्हा पुन्हा केलं. १९०२ साली हाती आलं ग्रॅमच्या दहाव्या भागाएवढं रेडियम क्लोराइड! क्लोरीनपासून सुटा रेडियम धातू मिळायला १९१० उजाडलं. त्यासाठी वीज वापरावी लागली.

या कृतीचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. पुढं प्रयोगशाळेला रेडियम कमी पडलं, तेव्हा एका महिला मासिकाच्या संपादिकेच्या पुढाकारानं अमेरिकेतल्या बायकांनी वर्गणी काढली. सुमारे एक लाख डॉलर जमले आणि १९२१ साली मेरीबाईंना एक ग्रॅम रेडियम भेट मिळालं. वर्गणीची ताकद आपल्या गटांना वेगळी सांगायला नको.

रेडियमच्या किरणांचा धोका तेव्हा कुणाला पुरता कळला नव्हता. १९३४ साली मेरीबाई रक्ताच्या आजारानं गेल्या. म्हणून साबणासाठी कॉस्टिक सोडा हाताळताना आम्ही हातमोजे घालतोच. तुम्हीही घाला. पाखडताना फार तर धूळ उडते. रसायन मात्र हात भाजतं.